चढावर बंद पडणारी शेव्हर्ले सी-१५ए : ठिणगी जाते की पेट्रोल?

आपल्या प्रश्नातला मुख्य भाग प्रथम मांडतो, म्हणजे पुढचे विवेचन कशाबद्दल आहे ते इतरांनाही कळेल. गाडी १९४३ सालची, कॅनेडियन लष्करी बनावटीची शेव्हर्ले सी-१५ए, मूळच्या सहा सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनासह. सकाळी पहिल्याच सेल्फला चालू होते. वीस-पंचवीस मिनिटांनी खंबाटकीचा चढ लागला की मिसिंग सुरू होते आणि काही अंतरावर इंजिन बंद पडते. त्यानंतर सेल्फ उत्तम फिरतो, पण इंजिन एकदाही पकडत नाही. अर्ध्या तासाने मात्र काहीच न झाल्यासारखे चालू होते. गेल्या वर्षी एका गॅरेजमध्ये गाडीची सहा व्होल्टची वायरिंग काढून बारा व्होल्टची केली आहे. प्लग नवे आहेत, कार्बोरेटरचे किट बदलले आहे. मिस्त्रींचे निदान 'व्हेपर लॉक' (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणे) असे असून त्यांनी इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा सल्ला दिला आहे. शिवाय आयडलिंगला ऑइलचा काटा जवळजवळ तळाला जातो, याचीही आपल्याला काळजी वाटते.

माझा पहिला संशय इग्निशन कॉइलवर, म्हणजे बॅटरीच्या विजेपासून ठिणगीसाठी उच्च व्होल्टेज तयार करणाऱ्या डब्यावर, आहे आणि त्याचे कारण पुढे देतो. तरीही केवळ संशयावरून काहीही विकत घेऊ नये. गरम झाल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर नाहीसा होणारा दोष गॅरेजमध्ये, थंड इंजिनावर, कितीही हुशार माणसाला सापडत नाही. गाडी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, ती जिथे उभी आहे तिथेच, ठिणगी गेली आहे की पेट्रोल गेले आहे एवढे एकच ठरवायचे. ते एकदा ठरले की उरलेले काम सोपे असते. ते न ठरवता सुटे भाग बदलत राहिले, तर खर्च होतो आणि मूळ दोष नव्या दोषांच्या खाली दडून जातो.

इंजिनाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. हे २१६ घनइंचांचे, म्हणजे सुमारे साडेतीन लिटरचे, ८५ अश्वशक्तीचे, वरच्या व्हॉल्व्हचे इंजिन आहे आणि त्याचा फायरिंग क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. युद्धकाळात कॅनडातून सुट्या भागांच्या रूपाने आलेल्या अशा गाड्यांची जुळणी मुंबईतही झाली; जनरल मोटर्सचा तिथला कारखाना १९२८ पासूनच चालू होता. पुढे लष्कराच्या लिलावातून यांतल्या कितीतरी गाड्या मालवाहतुकीला आणि अपघातग्रस्त वाहने ओढणाऱ्या क्रेनसाठी लागल्या. त्यामुळे आज हाती येणाऱ्या गाडीवर अनेक हातांचे काम झालेले असते, आणि मूळ पुस्तिकेत लिहिलेले आपल्या गाडीत तसेच असेल असे गृहीत धरता येत नाही. या गाडीची आणखी एक विशेषता म्हणजे नाकाड आखूड असल्यामुळे इंजिन केबिनमध्ये, दोन आसनांच्या मधोमध, पत्र्याच्या आवरणाखाली बसते. तिथे वारा कमी लागतो आणि कोंडलेली उष्णता अधिक असते. आणि पेट्रोलची गळती झाली, तर ती चालकाच्या मांडीशेजारी होते. पुढची प्रत्येक चाचणी करताना अग्निशामक हाताशी असावा आणि ठिणगीची व पेट्रोलची चाचणी एकाच वेळी कधीही करू नये.

आता व्हेपर लॉकबद्दल. एप्रिल-मेमध्ये चढावर बंद पडलेल्या प्रत्येक जुन्या गाडीला हेच नाव चिकटवण्याची आपल्याकडे रीत आहे. तो दोष काल्पनिक नाही. नळीत पेट्रोलची वाफ झाली की पंप द्रवाऐवजी वाफच दाबत बसतो. पण वेगवेगळ्या दोषांमध्ये गाडी पुन्हा चालू व्हायला लागणारा वेळ वेगवेगळा असतो आणि तो वेळ बरेच काही सांगतो. टाकीतला कचरा शोषनळीच्या तोंडाशी येऊन पेट्रोल अडले असेल, तर गाडी थांबताच ओढ संपते, कचरा खाली बसतो आणि दोन-तीन मिनिटांत इंजिन चालू होते. वाफेचा अडथळा सहसा दहा-पंधरा मिनिटांत निवतो, विशेषतः बॉनेट आणि आवरण उघडले तर. तेलाने भरलेला कॉइलचा डबा मात्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. आपण सांगितलेला अर्धा तास त्याच्याशी जुळतो. हा पुरावा नव्हे, दिशा आहे.

प्रत्यक्ष चाचणीसाठी सोबत एक जादा प्लग, एक टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, एक कंडेन्सर (कॉइलच्या स्विचवर उडणारी ठिणगी शोषणारा छोटा डबा), पाण्याची बाटली आणि दोन सुती फडकी ठेवावीत. जादा प्लगची बाजूची पट्टी वाकवून फट पाच मिलिमीटरपर्यंत उघडावी, कारण मोकळ्या हवेत छोट्या फटीत दुबळी ठिणगीसुद्धा उडते आणि आपल्याला फसवते. सिलिंडरमधल्या दाबाखाली तीच ठिणगी उडत नाही.

गाडी बंद पडली की सर्वप्रथम एअर क्लीनर काढावा, इग्निशन बंद ठेवावे आणि कार्बोरेटरच्या तोंडातून आत पाहत थ्रॉटलची कांडी एकदा झटक्यात उघडावी. या इंजिनावरच्या कार्टर कार्बोरेटरला ॲक्सिलरेटर पंप असतो; वाटीत (कार्बोरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या भांड्यात) पेट्रोल असेल तर बारीक धार स्पष्ट दिसते. धार आली याचा अर्थ पेट्रोल वाटीपर्यंत पोहोचले आहे, आणि अशा वेळी इंजिन एकदाही पकडत नसेल तर बहुतेक वेळा दोष ठिणगीकडे असतो. धार आली नाही, तर इलेक्ट्रिकला हात न लावता पेट्रोलच्या बाजूला जावे. धार आली, पण मॅनिफोल्डमधून (कार्बोरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीतून) पेट्रोलचा उग्र वास येत असेल आणि जेटमधून (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रातून) थेंब पडताना दिसत असतील, तर वाटीतले पेट्रोल उकळून आत सांडले आहे. त्या वेळी चोक पूर्ण उघडा असल्याची खात्री करून ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरावा आणि सेल्फ मारावा. पाय वरखाली करू नये. इंजिन खोकत, काळा धूर सोडत चालू झाले, तर दोष उष्णतेने उकळण्याचा आहे.

ही पाहणी झाली की एअर क्लीनर परत बसवावा आणि मग ठिणगी पाहावी. कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणाऱ्या भागाच्या) टोपीतून काढून जादा प्लगला लावावी, प्लगचे धड कार्बोरेटरपासून दूर इंजिनाच्या लोखंडाला घट्ट टेकवावे आणि सोबत्याला सेल्फ मारायला सांगावे. निरोगी ठिणगी निळसर-पांढरी असते आणि तिचा 'चट्' असा आवाज सेल्फच्या घरघरीतूनही ऐकू येतो. पिवळी, बारीक, इकडेतिकडे भटकणारी ठिणगी म्हणजे न आल्यातच जमा. इथे चांगली ठिणगी असेल आणि प्लगवर नसेल, तर टोपी आणि रोटर पाहावेत. टोपीच्या आतल्या बाजूला पेन्सिलने ओढल्यासारखी काळी केशरेषा दिसली, तर तो कार्बनचा मार्ग असतो आणि तो कितीही खरवडला तरी परत येतो. टोपी बदलावीच लागते.

ठिणगी नसेल तर टेस्ट लॅम्पची एक बाजू कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला लावून पुन्हा सेल्फ मारावा. दिवा लुकलुकत असेल तर पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधला, कॉइलचा प्रवाह जोडणारा-तोडणारा स्विच) उघडझाप करीत आहेत. सतत पेटून राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, त्यांच्यावर तेल किंवा काजळी आहे, अथवा आत जाणारी वायर तुटली आहे. अजिबात पेटला नाही तर कॉइलपर्यंत वीज येत नाही, किंवा कॉइलचे आतले वेटोळे तुटले आहे, किंवा पॉइंट वा कंडेन्सर कायमचा अर्थला (इंजिनाच्या लोखंडाला) जोडला गेला आहे. दिवा लुकलुकतो आणि तरीही ठिणगी नाही, ही स्थिती आपल्या बाबतीत मला अपेक्षित आहे. त्यात दोनच संशयित उरतात, कॉइल आणि कंडेन्सर. जुना कंडेन्सर सोडवून नवा बाहेरून त्याच टोकाला आणि अर्थला जोडून पाहावा. जुना तसाच ठेवून नवा शेजारी जोडणे पुरेसे नाही, कारण जुना आतून गळत असेल तर तो नव्याचाही उपयोग होऊ देत नाही. बाजारात मिळणाऱ्या नव्या कंडेन्सरांचा दर्जा इतका अनिश्चित आहे, की नवा आहे म्हणून तो निर्दोष मानू नये.

कंडेन्सरने फरक पडला नाही, तर फडके भिजवून कॉइलच्या डब्याभोवती गुंडाळावे, टोके कोरडी ठेवावीत आणि वरून थोडेथोडे पाणी सोडत राहावे. अर्ध्या तासाऐवजी पाच-सात मिनिटांत गाडी चालू झाली, तर निदान पूर्ण झाले. हीच युक्ती पेट्रोल पंपावरही चालते, मात्र दोन्ही फडकी एकाच वेळी गुंडाळू नयेत. गाडी चालू होईल खरी, पण कशामुळे झाली ते कळणार नाही आणि पुढच्या रविवारी आपण त्याच चढावर पुन्हा उभे असाल.

कॉइलवर संशय का, ते आता सांगतो. सहा व्होल्टच्या कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध दीड ओहमच्या आसपास असतो. मूळ यंत्रणेत चार्जिंग चालू असताना साधारण सात व्होल्ट मिळतात, म्हणजे पॉइंट मिटलेले असताना साडेचार ते पाच अँपिअर प्रवाह वाहतो. तीच कॉइल बारा व्होल्टच्या यंत्रणेवर ठेवली, तर डायनामो वा अल्टरनेटरचे चौदा व्होल्ट तिच्यावर पडतात, प्रवाह नऊ अँपिअरच्या पुढे जातो आणि उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने जवळजवळ चौपट होते. सपाट रस्त्यावर वारा लागतो तोवर ती कशीबशी तग धरते. चढावर वेग कमी, इंजिन तापलेले आणि सिलिंडरमधला दाब जास्त, म्हणजे ठिणगीला लागणारे व्होल्टेजही जास्त. अशा वेळी तापून कमजोर झालेले आतले इन्सुलेशन फुटते. पॉइंटवरही हाच ताण येतो, आणि ते निळे-काळे पडलेले दिसले तर तो पूरक पुरावा समजावा.

म्हणून घरीच, गाडी थंड असताना, कॉइलच्या दोन्ही बारीक वायरी सोडवून त्या टोकांमधला रोध मोजावा. सुमारे तीन ओहम आला तर कॉइल थेट बारा व्होल्टवर चालण्याजोगी आहे. दीडच्या जवळ आला तर तिच्या मार्गात दीड ओहमचा बॅलास्ट रेझिस्टर (प्रवाह मर्यादेत ठेवणारा जादा रोध) हवाच. कॉइलवरच्या छापील आकड्यावर विसंबू नये, कारण बारा व्होल्टची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही कॉइलही बाहेरचा रेझिस्टर गृहीत धरून बनवलेल्या असतात. उलट तीन ओहमची कॉइल आणि रेझिस्टर दोन्ही लावले, तर ठिणगी कायमची मंद होते. मोजणी एका मिनिटाची आहे आणि ती गेल्या वर्षीच व्हायला हवी होती.

डिस्ट्रिब्युटरची एक खोड फार थोड्यांच्या लक्षात येते. या इंजिनात व्हॅक्यूम ॲडव्हान्स (इंजिनाच्या शोषणाने ठिणगीची वेळ पुढे आणणारी यंत्रणा) आतली प्लेट फिरवत नाही. डिस्ट्रिब्युटरचे सगळे धडच थोडेसे फिरवते. त्यामुळे बाहेरून येणारी प्राथमिक वायर थ्रॉटलच्या प्रत्येक हालचालीला वाकते आणि कालांतराने तिचे तांब्याचे तंतू आवरणाच्या आत तुटतात. चढावर थ्रॉटल उघडला की व्हॅक्यूम घटतो, धड मागे फिरते आणि नेमकी तेव्हाच वायर ताणली जाते. ही वायर मऊ, बहुतंतू आणि थोडी ढिली असावी. कोणी घरगुती वायरिंगची कडक तार लावली असेल तर ती आजच काढावी. धड मोकळेपणाने फिरते का हेही हाताने पाहावे. गंजून अडकले असेल तर टायमिंग मागे राहते, इंजिन विनाकारण तापते आणि दोष रेडिएटरवर येतो. टायमिंगची खूण पुढच्या पुलीवर शोधू नये. ती फ्लायव्हीलवर असते. घंटेच्या आकाराच्या आवरणातल्या खिडकीतून फ्लायव्हीलमध्ये ठोकलेली छोटी पोलादी गोळी दिसते. तिच्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला की टायमिंग लाइटखाली ती सहज सापडते.

चाचणीत दोष पेट्रोलकडे निघाला तर पुढील क्रम ठेवावा. गाडी बंद पडताच टाकीचे झाकण सैल करावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला तर झाकणातले हवेचे छिद्र बुजले आहे. मग पंपाची कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडावी, कॉइलची वायर सोडवून ठेवावी आणि सेल्फ मारावा. प्रत्येक फेरीला जोरकस चूळ पडली पाहिजे. फेसाळ पेट्रोल आले तर शोषणाच्या बाजूने कुठेतरी हवा शिरते आहे, बहुधा चासीवरून पंपाकडे येणाऱ्या लवचिक नळीच्या भेगेतून. तिथून पेट्रोल टपकत नाही, कारण आत दाब नसून ओढ असते, आणि म्हणूनच ती भेग नजरेला सापडत नाही. पंपाचा डायफ्राम फाटला असेल तर पेट्रोल चेंबरमध्येही (इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्यात) उतरू शकते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर गाडी तिथेच थांबवावी.

सध्या मिळणाऱ्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने या इंजिनांपुढे नव्या अडचणी उभ्या केल्या आहेत. इथेनॉल ७८ अंश सेल्सियसला उकळते आणि मिश्रणाचा मोठा भाग त्यामुळे लवकर वाफ होतो. शिवाय तेवढ्याच हवेला अधिक इंधन लागत असल्याने जुन्या जेटवर मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडते. कार्बोरेटरमधून होणारे बॅकफायर आणि चढावर ओढ कमी होणे हे त्याचेच लक्षण असू शकते. मुख्य जेट एका पायरीने मोठा करणे हा त्यावरचा योग्य इलाज आहे. जुन्या रबरी नळ्या आतून फुगतात आणि बाहेरून धडधाकट दिसतात. आपल्याकडच्या मिस्त्रींच्या सवयीची एक गोष्ट तर मुद्दाम सांगितली पाहिजे: पेट्रोलच्या जोडांना शेलॅक लावण्याची. शेलॅक म्हणजे लाख, आणि लाख पेट्रोलमध्ये विरघळत नसली तरी इथेनॉलमध्ये विरघळते. विरघळलेली लाख पुढे जाऊन जेटमध्ये आणि सुईच्या बैठकीवर चिकट थर होऊन बसते. सर्व जोड शेलॅकविना, स्वच्छ आणि योग्य कोनाचे करून घ्यावेत.

कार्बोरेटरच्या खाली, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड जिथे एकत्र येतात तिथे, एक झडप असते. थंड इंजिनात ती एक्झॉस्टची उष्णता कार्बोरेटरच्या तळाकडे वळवते आणि गरम झाल्यावर बाहेरच्या सर्पिल स्प्रिंगमुळे उघडते. कित्येक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत ती गंजून थंडीच्या स्थितीतच अडकलेली सापडते. मग कार्बोरेटर अक्षरशः चुलीवर बसलेला असतो आणि त्यात कितीही नवे किट घातले तरी पेट्रोल उकळतच राहते. इंजिन थंड असताना तिचे वजन हाताने हलते का ते पाहावे. हलत नसेल तर गंज सोडवणारे तेल आणि हलकी ठोक पुरते.

इलेक्ट्रिक पंपाला माझा विरोध आहे, निदान आत्ता तरी. मूळ पंप चौरस इंचाला चार पौंडांच्या आसपास दाब देतो. बाजारातला पंप याहून जास्त दाबाचा निघाला, तर कार्बोरेटरची सुई उचलली जाते आणि पेट्रोल केबिनमध्ये, तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडते. ऑइलचा दाब गेला की पंप बंद करणारा स्विच लावावा, तर या इंजिनाचा आयडलिंगचा दाब इतका कमी असतो की तो स्विच सिग्नलला उभे असताना पंप बंद करील.

यावरून ऑइलच्या काट्याकडे येतो. हे इंजिन आजच्या अर्थाने पूर्ण दाबावर चालणारे नाही. मेन बेअरिंग आणि कॅम बेअरिंगला पंपाच्या दाबाने ऑइल मिळते. कनेक्टिंग रॉडला मात्र खालच्या टोकाला पळ्या असतात आणि त्या चेंबरमधल्या पन्हाळीतून, तसेच बारीक नळ्यांच्या फवाऱ्यातून, ऑइल उचलतात. रस्त्यावरच्या वेगाला सुमारे चौदा पौंड हा या इंजिनाचा नेहमीचा दाब आहे, आणि गरम इंजिनात आयडलिंगला काटा तळाजवळ जाणे हे या रचनेत धरूनच चालायचे असते. दाब वाढवण्यासाठी फार दाट ऑइल घालू नये, ते फवाऱ्यातून नीट सुटत नाही. रॉडची बेअरिंगे ओतीव व्हाइट मेटलची असल्याने काट्यापेक्षा कानांवर विश्वास ठेवावा. हलक्या रेसवर एकेका प्लगची वायर काढून ऐकावे. ज्या सिलिंडरची वायर काढताच ठोका मंदावतो, त्या रॉडचे बेअरिंग ढिले आहे. शिम (बेअरिंगच्या जोडातल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) काढून ते घट्ट करता येते. आणि उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिन ओरडू देऊ नये.

प्लग, व्हॉल्व्ह आणि हेड यांची चौकशी शेवटी करावी, कारण थंड असताना नीट चालणाऱ्या इंजिनात तिथला दोष तुलनेने कमी संभवतो. तरी व्हॅक्यूम गेज लावून एकदा पाहणे स्वस्त आहे. समुद्रसपाटीला आयडलिंगला काटा पाऱ्याच्या १८ ते २१ इंचांवर स्थिर असतो. साताऱ्यासारख्या सुमारे ७०० मीटर उंचीवर तो दोन इंच कमी दाखवतो, त्याने घाबरू नये. गरम झाल्यावर काटा अधूनमधून खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये अडकतो आहे. कॉम्प्रेशन ११० पौंडांच्या आसपास आणि सहाही सिलिंडरमध्ये जवळपास सारखे असावे; आकड्यापेक्षा सारखेपणा महत्त्वाचा.

आपण प्रथम कॉइलचा रोध मोजावा आणि गाडीत रेझिस्टर आहे की नाही ते पाहावे. रोध दीड ओहम निघाला आणि रेझिस्टर नसेल, तर तो बसवून, पॉइंट आणि कंडेन्सर बदलून, त्याच चढावर त्याच वेळी पुन्हा जावे. तापून फुटलेले इन्सुलेशन परत भरून येत नाही, त्यामुळे नवी कॉइलही सोबत असू द्यावी. सहा व्होल्टवर परत जायचे असेल तर बॅटरी ते सेल्फ आणि इंजिन ते चासी या दोन्ही केबल ५० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड घ्याव्यात. बारा व्होल्टच्या बारीक केबलवर सहा व्होल्टचा सेल्फ गरम इंजिन फिरवू शकत नाही, आणि मग मिस्त्री पुन्हा व्हेपर लॉकच म्हणतील.